इटालियन मायक्रोमोझेक निसर्गदृश्ये : पहिली खरेदी करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

कोलोसियमच्या ढासळलेल्या कमानी, रोमजवळच्या टिव्होली गावाच्या कड्यावरचे गोल मंदिर, नेपल्सच्या उपसागरापलीकडे धुमसणारा व्हेसुव्हियस, रोमबाहेरच्या माळरानावर शेळ्या राखणारा गुराखी अशी दृश्ये काचेच्या बारीक तुकड्यांनी (म्हणजेच मायक्रोमोझेकने) रेखाटलेली ब्रोच, पेपरवेट, तपकिरीच्या डब्या आणि भिंतीवर लावायचे फलक १८व्या शतकाच्या अखेरीपासून रोममध्ये तयार होऊ लागले. आज त्यांतले बरेचसे नमुने लंडन, रोम, पॅरिस येथील जुन्या वस्तूंच्या दुकानांत आणि लिलावांत पाहायला मिळतात. युरोपात राहणारे किंवा तिथे वरचेवर जाणारे मराठी वाचक त्यांच्या प्रेमात पडतात, आणि नेमका कशाचा भाव द्यायचा हे न कळल्याने गोंधळतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

माझे मत सुरुवातीलाच स्पष्ट सांगते. निसर्गदृश्याच्या मायक्रोमोझेकमध्ये इमारत प्रसिद्ध आहे की नाही, कोंदण सोन्याचे आहे की नाही, यापेक्षा त्यातले आकाश कसे भरले आहे याला जास्त महत्त्व द्यावे. पुढचे सगळे टप्पे या एका कसोटीभोवती फिरतात.

१. वस्तू घडते कशी, ते आधी समजून घ्या

व्हॅटिकनमधील सेंट पीटर्स बॅसिलिकातल्या वेद्यांवरची मोठी चित्रे तिथल्या दमट हवेने खराब होत होती, म्हणून त्यांच्या जागी मोझेकमधल्या प्रतिकृती बसवण्याचे काम दीर्घकाळ चालले आणि १७२७ मध्ये त्यासाठी व्हॅटिकनची कायम स्वरूपाची मोझेक कार्यशाळा उभी राहिली. तैलचित्राची हुबेहूब नक्कल करायची तर चकाकणारी काच उपयोगाची नव्हती. त्यामुळे मंद, अपारदर्शक काचेच्या असंख्य छटा तिथे तयार करण्यात आल्या. पुढे बॅसिलिकातली मोठी कामे कमी होत गेली, तेव्हा याच कौशल्याचा उपयोग करून कारागिरांनी खाजगी गिऱ्हाइकांसाठी लहान वस्तू बनवायला सुरुवात केली. जाकोमो राफाएल्ली या कलावंताने १७७५ मध्ये रोममधल्या आपल्या कार्यशाळेत अशा सूक्ष्म कामांचे प्रदर्शन मांडले, आणि सामान्यतः या कलेचा आरंभ तिथून धरला जातो. त्या काळी उत्तर युरोपातले, विशेषतः इंग्लंडमधले श्रीमंत तरुण शिक्षणाचा भाग म्हणून इटलीची लांबलचक सफर करीत, आणि परतताना आपण पाहिलेल्या अवशेषांची आठवण म्हणून खिशात मावेल असे काहीतरी त्यांना हवे असे. निसर्गदृश्यांची मागणी मुख्यतः या प्रवाशांनी निर्माण केली.

कृती अशी असते. रंगीत काच आगीवर मऊ करून तिचा गोळा चिमट्याने ओढत ओढत लांब काडी काढतात. चांगल्या कारागिराच्या हातून ही काडी शेवईपेक्षाही बारीक निघते. थंड झालेली काडी कापून तिचे लहान लहान तुकडे केले जातात. तांब्याच्या उथळ ताटलीत किंवा दगडात अथवा काचेत कोरलेल्या खळग्यात चुना, दगडाची भुकटी आणि जवसाचे तेल यांचे लुकण पसरतात, आणि चिमट्याने एकेक तुकडा त्यात उभा रोवतात. हे लुकण सावकाश वाळते, त्यामुळे कारागिराला घाई करावी लागत नाही. सगळे चित्र भरून लुकण घट्ट झाले की तुकड्यांमधल्या बारीक फटी रंगीत मेणाने बुजवून पृष्ठभाग घासून गुळगुळीत करतात.

या कृतीतून ग्राहकाच्या उपयोगाच्या दोन गोष्टी निघतात. तुकडा उभा रोवलेला असल्याने आपल्याला त्याचा फक्त कापलेला माथा दिसतो आणि रंग तळापर्यंत तोच असतो, म्हणून खऱ्या कामाचा रंग उन्हाने विटत नाही किंवा घासल्याने उडत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे चित्र तेलाच्या लुकणावर आणि मेणावर टिकून असते, म्हणून उष्णता, पाणी आणि रसायने हे त्याचे खरे शत्रू आहेत. सांभाळण्याच्या सगळ्या सूचना या एका गोष्टीतून येतात.

१९व्या शतकाच्या सुरुवातीला या तंत्रात मोठी भर पडली. त्याचे श्रेय आंतोनियो अग्वात्ती या कलावंताला दिले जाते. त्याने एकाच काडीत दोन-तीन रंग एकत्र ओढून घेण्याची आणि चौकोनी तुकड्यांऐवजी वळणदार, पानासारख्या आकाराचे तुकडे वापरण्याची पद्धत रूढ केली. झाडांचा पाला, मेंढ्यांची लोकर, पाण्याच्या लाटा यांत त्यानंतर जो जिवंतपणा आला, तो या तुकड्यांमुळे आला.

२. खरेदीपूर्वी चांगले काम डोळ्यांत साठवा

छायाचित्रे पाहून नजर तयार होत नाही, कारण पडद्यावर चित्र मोठे दिसते आणि सुमार कामही देखणे वाटते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला गिल्बर्ट संग्रह या विषयासाठी फार महत्त्वाचा आहे. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयातही उत्तम नमुने आहेत. संग्रहालयात जाण्यापूर्वी संबंधित दालन त्या दिवशी उघडे आहे की नाही हे विचारून घ्यावे. शक्य असेल तर एका भेटीत मोजकेच नमुने पाहावेत, पण प्रत्येकासमोर बराच वेळ थांबावे. आधी इमारत बघा, मग तिच्याकडे दुर्लक्ष करून फक्त आकाश बघा.

रोमला गेलात तर कॅपिटोलाइन संग्रहालयातले कबुतरांचे प्राचीन मोझेक चुकवू नये. ते १७३७ मध्ये टिव्होलीजवळ सम्राट हेड्रियनच्या प्रासादाच्या अवशेषांत सापडले. पाणी पिणाऱ्या कबुतरांचे हे चित्र मायक्रोमोझेकच्या कारागिरांनी पुढे असंख्य वेळा उतरवले. निसर्गदृश्यांच्या शोधात हिंडताना ही कबुतरे तुम्हाला ठिकठिकाणी भेटतील.

३. ही साधने जवळ ठेवा

– दहापट मोठे दाखवणारे सराफी भिंग
– बारीक झोताची छोटी विजेरी, आणि शक्य असल्यास अतिनील प्रकाशाची एक
– मिलिमीटरमध्ये मोजणारा व्हर्नियर
– रंगकामाचा कोरा, मऊ केसांचा लहान कुंचला
– हातमोजे आणि खाली अंथरायला जाड मऊ कापड
– जवळून स्पष्ट छायाचित्र घेणारा फोन

वस्तू तपासताना ती नेहमी टेबलावर, कापडाच्या अगदी जवळ धरावी. विक्रेत्याची परवानगी घेतल्याशिवाय भिंग किंवा विजेरी काढू नये. चांगला विक्रेता मात्र हसतमुखाने परवानगी देतो, आणि जो नकार देतो त्याच्याकडून खरेदी करू नये.

४. दृश्य कोणते आहे ते ओळखा, आणि त्यातून काळाचा अंदाज घ्या

रोमन मायक्रोमोझेकमधली दृश्ये ठरावीक असतात, त्यामुळे ती लवकर पाठ होतात. कोलोसियम, रोमन फोरम (प्राचीन रोमचा मुख्य चौक), पँथियन, सेंट पीटर्सचे प्रांगण, केस्टियसचा पिरॅमिड, टायबर नदीजवळचे गोल मंदिर, टिव्होलीचे मंदिर आणि धबधबा, व्हेसुव्हियस, पेस्टमची ग्रीक मंदिरे हे नेहमीचे विषय आहेत. टायबरजवळचे गोल मंदिर विक्रेत्यांच्या यादीत वेस्टाचे मंदिर म्हणून येते. प्रत्यक्षात ते हर्क्युलिसचे मानले जाते, पण जुने नाव बाजारात कायम आहे.

दोन गोल थडग्यांची गल्लत वारंवार होते. ॲपियन मार्गावरचे सेसिलिया मेटेला हिचे थडगे रुंद दंडगोलाकार असून त्याच्या माथ्यावर मध्ययुगात बांधलेले किल्ल्यासारखे दाते दिसतात, आणि त्याच्या आजूबाजूला कोरडे माळरान असते. टिव्होलीकडे जाताना लागणारे प्लॉटियस घराण्याचे थडगेही गोलच आहे, पण त्याच्या शेजारी लुकानो पूल आणि आनिएने नदी दिसते. चित्रात पाणी आणि कमानीचा पूल असेल तर दुसरे नाव लिहावे. विक्रेत्याने चुकीचे नाव लिहिले म्हणून वस्तू खोटी ठरत नाही, पण त्याच्या बाकीच्या विधानांची किती खात्री धरायची याचा अंदाज मात्र येतो.

इमारतींचे तपशील काळ ठरवायला फार उपयोगी पडतात. कोलोसियमच्या बाहेरील भिंतीला आधार देणारी पूर्वेकडची विटांची भिंत वास्तुविशारद स्टर्नने १८०७ च्या सुमारास बांधली, आणि पश्चिमेकडचा आधार वास्तुविशारद वालाडिएच्या देखरेखीखाली १८२६ मध्ये पूर्ण झाला. हा पश्चिमेकडचा कमानीदार आधार चित्रात स्पष्ट दिसत असेल तर ते काम त्याआधीचे असू शकत नाही. फोरममधल्या फोकासच्या स्तंभाचा तळ १८१३ मध्ये खोदून मोकळा करण्यात आला, त्यामुळे चौथऱ्यासह उभा असलेला हा स्तंभ दिसला की काळाची खालची मर्यादा मिळते. पँथियनच्या छतावर दोन्ही बाजूंना १७व्या शतकात बांधलेले घंटामनोरे १८८३ मध्ये काढून टाकण्यात आले. मनोऱ्यांशिवायचे पँथियन दिसत असेल तर वस्तू बहुधा त्यानंतरची आहे. टिव्होलीला आनिएने नदीच्या १८२६ च्या पुराने मोठी हानी केली, त्यानंतर डोंगरातून बोगदे काढून नदीचा प्रवाह वळवला गेला आणि १८३५ मध्ये नवा, उंच धबधबा सुरू झाला. तो चित्रात असेल तर काम त्यानंतरचे.

इथे एक मोठा सापळा आहे, आणि त्यात नवखे हमखास अडकतात. चित्रातला नवा तपशील हा काम त्या वर्षानंतरचे आहे हे सिद्ध करतो, पण जुना तपशील काम जुने असल्याचे सिद्ध करत नाही. कारागीर प्रत्यक्ष जागेवर बसून क्वचितच चित्र करीत. त्यांच्यासमोर बहुतेक वेळा छापील कोरीवचित्रे असत, आणि तीच चित्रे पिढ्यान्पिढ्या वापरली जात. म्हणून घंटामनोऱ्यांसह असलेले पँथियन १८९० मध्येही तयार झालेले असू शकते. “मनोरे आहेत, म्हणजे १८८३ पूर्वीचे” असे विक्रेता म्हणाला, तर मान डोलवून पुढच्या टप्प्याकडे वळावे.

५. भिंगाखाली काय पाहायचे

आकाशापासून सुरुवात करा. उत्तम कामात क्षितिजाजवळचा रंग फिकट पिवळा किंवा गुलाबी असतो, वर जाताना तो निळसर करडा आणि शेवटी गडद निळा होतो. हा बदल कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते साध्या डोळ्यांना कळत नाही. भिंगाखाली मात्र रांगा दिसतात. प्रत्येक रांगेत छटा किंचित बदलते, आणि ढगाजवळ आल्यावर रांगा ढगाच्या कडेनुसार वळतात. घाईच्या कामात आकाशाच्या रांगा सरळ, आडव्या आणि जाड असतात, निळा पट्टा संपतो तिथे पांढरा सुरू होतो, आणि ढग म्हणजे पांढऱ्या तुकड्यांचा एक घट्ट पुंजका असतो. आकाशात कुठलीही इमारत, माणूस किंवा झाड नसते, त्यामुळे कारागिराला तिथे काहीच लपवता येत नाही. एखाद्याने आकाशावर मेहनत घेतली असेल तर बाकीचे काम सहसा चांगले असते. उलट मात्र खरे नाही. इमारत रेखीव आणि आकाश निकृष्ट अशी जोडी प्रवाशांसाठी घाऊक बनवलेल्या वस्तूंत अनेकदा दिसते.

त्यानंतर तुकड्यांचा आकार बघावा. सर्वोत्तम कामात एका चौरस सेंटिमीटरमध्ये शेकडो तुकडे बसवलेले असतात. व्हर्नियरने आकाशाचा पाच मिलिमीटरचा पट्टा मोजून त्यात किती तुकडे येतात ते मोजावे. ही मोजणी दोन नमुन्यांची तुलना करताना फार कामाला येते. पण केवळ संख्येवर भुलू नये. बारीक तुकडे एकमेकांत निष्काळजीपणे कोंबलेले असतील, तर थोडे मोठे तुकडे नेटके बसवलेले काम जास्त चांगले.

माझ्याजवळ सेसिलिया मेटेलाच्या थडग्याचे एक लहानसे अंडाकृती ब्रोच आहे. त्यातले थडगे करड्या-तपकिरी तुकड्यांचे आहे आणि भिंतीच्या डाव्या, उन्हातल्या बाजूला जवळजवळ मधाच्या रंगाचे तुकडे एका उभ्या ओळीत उतरतात. उजवीकडे सावलीत तेच दगड जांभळट होत जातात. थडग्याच्या पायथ्याशी दोन शेळ्या आहेत. एकीचे शिंग एकाच वळणदार तुकड्याचे आहे आणि त्या तुकड्यातच अर्धा भाग काळा व अर्धा करडा आहे. शिंगाची गोलाई फक्त तेवढ्याने साधली आहे. क्षितिजावर अल्बन टेकड्यांच्या निळसर रेषेवर फिकट गुलाबी रंगाची एकच रांग आहे, आणि ती संध्याकाळची वेळ ठरवते. असा तपशील एखाद्या नमुन्यात दिसला की त्याचे नाव, सही किंवा कागद नसले तरी तो घेण्याजोगा असतो, असे मला मनापासून वाटते.

पाणी आणि झाडे शेवटी पाहावीत. धबधब्यात पांढऱ्या तुकड्यांच्या रांगा वरून खाली येताना पसरत जायला हव्यात. तलावात किंवा समुद्रात प्रतिबिंबाचे रंग वरच्या वस्तूपेक्षा एखादी छटा मंद असायला हवेत. पाल्यात फक्त एकसारखे हिरवे ठिपके असतील तर ते काम मध्यम प्रतीचे समजावे. पाने वळणदार तुकड्यांची, सावलीकडे गडद आणि प्रकाशाकडे पिवळसर असतील तर ते १९व्या शतकातले चांगले काम असण्याची शक्यता वाढते.

६. नकली आणि चुकीचे ओळखलेले नमुने

सर्वात सोपी नक्कल छापील चित्रावर पारदर्शक राळ ओतून केलेली असते. भिंगाखाली रंगाचे छपाईचे ठिपके दिसतात, आणि एकच रंग तुकड्यांच्या रेषा ओलांडून पलीकडे जातो. इथेही एक सूक्ष्म फरक लक्षात ठेवावा. एकाच तुकड्यात दोन रंग दिसले म्हणजे तो छापील आहे, असे समजू नका. वर सांगितल्याप्रमाणे बहुरंगी काड्यांतून कापलेल्या तुकड्यांत दोन रंग असतातच, आणि ती उत्तम कामाची खूण आहे. खऱ्या तुकड्यात रंगांची सीमा तुकड्याच्या आत राहते. छापील कामात ती शेजाऱ्याच्या हद्दीत शिरते.

दुसरा प्रकार इटालियन असूनही वेगळ्या कलेचा असतो. फ्लॉरेन्समध्ये रंगीत दगडांच्या पातळ चकत्या कापून, एकमेकींना चिकटून बसवून फुले-पक्षी आणि निसर्गदृश्ये करण्याची परंपरा आहे. आग्र्याच्या पच्चीकारीशी तिचे जवळचे नाते आहे. दिल्लीच्या लाल किल्ल्यातील दिवाण-इ-आममध्ये सिंहासनामागच्या भिंतीवर ऑर्फियसचा फलक पाहिलेल्यांना हे काम लगेच ओळखू येईल. तिथे ढग किंवा पान हा दगडाचा एकच अखंड तुकडा असतो. मायक्रोमोझेकमध्ये तेच पान काचेच्या अनेक तुकड्यांनी भरलेले असते. दोन्ही कला सुंदर आहेत, पण त्यांचे भाव आणि जाणकार वेगळे असतात.

तिसरा प्रकार २०व्या शतकातल्या आठवणवस्तूंचा आहे. ठळक, मोठ्या तुकड्यांची फुले, झगझगीत पितळी कडा आणि मागे इटलीचे नाव असलेली ब्रोच प्रामाणिकपणे आठवणवस्तू म्हणून विकली जातात, तेव्हा त्यात काहीही गैर नाही. तीच १९व्या शतकातली म्हणून विकली गेली तर फसवणूक होते.

७. कोंदण आणि मागची बाजू

मागची बाजू पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. जुन्या नमुन्यांत फलक (म्हणजे मोझेकचा मुख्य भाग) बहुधा काळ्या दगडात, गडद निळ्या किंवा तांबड्या काचेत, किंवा सोनेरी कणांनी चमकणाऱ्या काचेत बसवलेला असतो, आणि त्याभोवती सोन्याचे किंवा मुलामा दिलेल्या चांदीचे कोंदण असते. पाठीवर इटली असे नाव कोरलेले किंवा ठोकलेले असेल तर वस्तू बहुधा १८९१ नंतरची आहे. अमेरिकेच्या १८९० च्या आयातकर कायद्याने तिथे येणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव घालणे सक्तीचे केले, तेव्हापासून अशा खुणा सर्वत्र दिसू लागल्या. ब्रोचच्या पिनेला साधा उघडा आकडा असेल आणि पिनेचे टोक चौकटीबाहेर डोकावत असेल तर ती जुनी असण्याची शक्यता असते. फिरवून बंद होणारी सुरक्षित कडी सामान्यतः २०व्या शतकात आली. मात्र पिन बदललेली असू शकते, म्हणून फक्त तिच्यावरून काळ ठरवू नये.

जुना फलक आणि नवे कोंदण, किंवा जुने कोंदण आणि दुसराच फलक अशा जोड्या बाजारात खूप आहेत. कडेने विजेरी तिरपी धरून फलक आणि कोंदण यांच्या मधली रेषा पाहावी. तिथे पिवळसर गोंद, ताजी घासाघीस किंवा रिकामी फट दिसली तर विचारावे. विक्रेत्याने जोडणी मान्य करून भाव कमी केला, तर अशी वस्तू घ्यायला हरकत नाही.

सहीबाबत अतिउत्साह टाळावा. राफाएल्ली, मिकेलांजेलो बार्बेरी किंवा चेझारे रोक्केज्जानी अशा नामवंतांच्या सह्या असलेले नमुने मुख्यतः मोठ्या लिलावांत येतात. बार्बेरीने रशियाच्या झार पहिल्या निकोलसकडून कामे घेतली, आणि रोक्केज्जानीचे दुकान रोममध्ये होते. लहान ब्रोचवर बहुतेक वेळा सही नसते, त्यामुळे “बहुधा राफाएल्लीची कार्यशाळा” असे लिहिले असेल तर ते केवळ मत समजावे आणि त्यासाठी जास्त पैसे देऊ नयेत.

८. नुकसान आणि दुरुस्ती तपासा

निळ्या काचेच्या पार्श्वभूमीवर कधीकधी केसासारखी चीर असते, ती समोरून दिसत नाही. वस्तू प्रकाशात हळूहळू तिरकी करत फिरवली की ती चमकते. तुकडे गळालेले असतील तर तिथे लुकण दिसते. काही वेळा गळालेली जागा रंगवून किंवा रंगीत मेणाने भरून झाकलेली असते. भिंगाखाली अशी जागा सपाट, रांगा नसलेली दिसते, आणि अतिनील प्रकाशात आजूबाजूच्या भागापेक्षा वेगळी चमकते. आकाशातली गळती विशेष गंभीर असते, कारण छटा जुळवणे अत्यंत कठीण असते. जमिनीच्या भागातले दोन-तीन तुकडे गळालेले असले तरी मी वस्तू नाकारत नाही.

९. खरेदी करताना विचारायचे प्रश्न आणि घ्यायची कागदपत्रे

वस्तू कुठून आली, दुरुस्ती झाली आहे का, फलक आणि कोंदण मूळचे एकत्र आहेत का, आणि कोंदणाचा धातू कोणता, ही उत्तरे लेखी घ्या. खालील कागद मिळाल्याखेरीज पैसे देऊ नका.

– विक्रेत्याचे सविस्तर बिल, ज्यात वस्तूचे वर्णन, मोजमापे, अंदाजे काळ आणि धातू लिहिलेले असतील
– वस्तू शंभर वर्षांहून जुनी असल्याचे विक्रेत्याचे सहीचे पत्र
– समोरून, मागून आणि कडेने घेतलेली छायाचित्रे
– ज्या देशातून वस्तू निघणार आहे तिथल्या निर्यात नियमांप्रमाणे लागणारा कागद

इटलीतून खरेदी करत असाल तर शेवटच्या मुद्द्याकडे विशेष लक्ष द्या. तिथे सत्तर वर्षांपेक्षा जुन्या कलावस्तू देशाबाहेर नेताना सांस्कृतिक वारसा विभागाच्या निर्यात कार्यालयाची प्रक्रिया लागू होते. कमी किमतीच्या वस्तूंसाठी मालकाचे घोषणापत्र चालते, तर महाग वस्तूंसाठी रीतसर प्रमाणपत्र लागते. हा कागद विक्रेत्यानेच करून द्यावा, अशी अट खरेदीच्या वेळीच घालावी. “खिशात घालून न्या, कोणी विचारत नाही” असे सांगणाऱ्या विक्रेत्याला नमस्कार करून बाहेर पडावे.

१०. भारतात आणताना

शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी सीमाशुल्काच्या वर्गीकरणात ९७०६ हे स्वतंत्र शीर्ष आहे. वस्तूचे वय सिद्ध करता आले नाही तर सोन्याच्या कोंदणातले ब्रोच दागिना म्हणून धरले जाऊ शकते, आणि मग करआकारणी व नियम वेगळे होतात. म्हणून वयाचे पत्र बिलाइतकेच महत्त्वाचे. वस्तू कुरियरने मागवणार असाल तर आधी एखाद्या कस्टम्स एजंटकडून चालू दर विचारून घ्या, आणि सामानातून आणणार असाल तर विमानतळावर लाल मार्गाने जाऊन ती घोषित करा. घोषणा केल्याची पावती आयुष्यभर जपून ठेवावी.

त्याचे कारण १९७२ चा पुरावशेष कायदा. भारतात शंभर वर्षे किंवा त्याहून जुन्या कलावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. वस्तू परदेशी बनावटीची असली, तरी पुढे परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे ती नेताना विमानतळावर प्रश्न उभा राहू शकतो. परदेशात राहणाऱ्या आणि काही काळासाठीच भारतात येणाऱ्या वाचकांनी, शक्य असल्यास, असे नमुने सोबत आणूच नयेत. आणायचेच असतील तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या जवळच्या कार्यालयात लेखी विचारणा करावी.

११. घरी सांभाळताना

ओल्या फडक्याने पुसू नका. सराफाकडच्या ध्वनिलहरींच्या स्वच्छता यंत्रात घालू नका, कारण त्या यंत्रातल्या पाण्याने आणि कंपनाने लुकण सुटते. स्पिरिट, ॲसिटोन आणि चांदी उजळण्याची पावडर कटाक्षाने टाळा. मुलामा दिलेले कोंदण उजळायला गेलात तर मुलामाही निघतो आणि पावडर तुकड्यांच्या फटींत जाऊन बसते. धूळ कोऱ्या, कोरड्या कुंचल्याने आकाशाच्या रांगांच्या दिशेने हलकेच काढावी. मेण मऊ होऊ नये म्हणून खिडकीजवळ, दिव्याखाली किंवा उन्हात उभ्या मोटारीत वस्तू ठेवू नये.

मुंबई, कोकण आणि गोव्यातल्या पावसाळ्यात खरी काळजी धातूची घ्यावी लागते. तांब्याच्या ताटलीवर हिरवट थर चढतो, तो फुगून फलक वर उचलतो. घट्ट झाकणाच्या डबीत, आम्लरहित कागदात गुंडाळून, सिलिका जेलच्या लहान पुडीसह वस्तू ठेवावी. पुड्या पावसाळ्यात नियमित बदलाव्यात, पण डबी अतिकोरडीही होऊ देऊ नये, कारण लुकण कोरडे पडून आकसते. कापूर आणि डांबराच्या गोळ्या जवळ नकोत.

तुकडा निखळला तर तो कागदात गुंडाळून, कोणत्या जागेचा आहे ते लिहून ठेवा. घरगुती गोंदाने चिकटवू नका, आणि ओळखीच्या सराफालाही तसे करू देऊ नका, कारण कडक होणारा गोंद शेजारच्या तुकड्यांना ओढून सोडवतो. काच आणि मोझेक हाताळलेल्या संवर्धकाकडेच काम द्यावे, आणि त्याच्याकडून दुरुस्तीपूर्वीचे व नंतरचे छायाचित्र मागून घ्यावे. दोन्ही छायाचित्रे बिल, वयाचे पत्र आणि सीमाशुल्काची पावती यांच्यासोबत एकाच लिफाफ्यात ठेवा. विमा कंपनीला किंवा पुढच्या मालकाला दाखवायचे कागद याच लिफाफ्यातून काढायचे आहेत.